म्हाताऱ्याच्या मताला साक्षीदार

७ ऑगस्ट

उकडलेला बटाटा, वर लोणी — झालं जेवण! फोडणी घालू का विचारलं तर हात हलवतो. नको तर नको.

महिना झाला नोर्लिंग म्हाताऱ्याकडे कामाला लागून. आमच्यापासून चौथंच घर. बायको गेली, मुलगी आनिका टेक्सासला. सौमित्र अजून घुश्शात. "आई, माझी आई श्रूजबरीत लोकांकडे स्वयंपाक करते, असं सांगू मित्रांना?" सांग की! तू आणि सावनी, दोघं नवराबायको ऑफिसात, मी दिवसभर भिंती बघत बसू?

१० ऑगस्ट

आज म्हातारा बोलत सुटला. इंग्रजी मला अर्धं कळतं, तो सावकाश बोलतो, भागतं. मूळचा स्वीडनचा. युनिव्हर्सिटीत इतिहास शिकवायचा. फार मागं त्याच्या देशातली गरीब माणसं बोटीनं इकडं अमेरिकेत आली, इथं जवळच्या वूस्टरच्या कारखान्यांत राबली — त्यांच्यावर पुस्तकं लिहिली. मधे तिकडचा खासदारही होता! खेड्यातल्या लहान शाळा बंद करायचं निघालं. पक्षानं सांगितलं, हो म्हणा. यानं नाहीचं बटण दाबलं. पुढच्या निवडणुकीत उभंच केलं नाही. मग इकडं जुने कागद बघायला आला, इथल्या बाईशी लग्न केलं, राहिला.

"तिकीट कापलं म्हणा की!" मी म्हटलं. ते समजावता समजावता दूध उतू गेलं. कळल्यावर इतका हसला की ठसका लागला.

मी चौथी पास. पाचवीची शाळा पुढच्या गावात होती. हे त्याला सांगितलं नाही. उगाच भाषण देईल.

१४ ऑगस्ट

स्वीडनहून पाकीट आलं. पुढच्या महिन्यात तिकडं निवडणूक. इथून पोस्टानं मत देता येतं. पण पाकीट बंद करून सही करताना समोर दोन साक्षीदार लागतात, त्यांनीही सही करायची. एक मी. दुसरा कोण? म्हातारा खिडकीतून बघत राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

"माझ्या ओळखीचे सगळे मेले," म्हणाला. मीठ दे म्हणावं तसं म्हणाला.

१५ ऑगस्ट

मी सही करणार, दुसरी तू कर म्हटलं तर सौमित्र भडकला. "ग्रीन कार्डवर इलेक्शनच्या कागदाला हात लावायचा नाही! तुझी सिटिझनशिप अडकेल."

"अरे, इलेक्शन त्यांच्याकडचं!"

"इलेक्शन इज इलेक्शन, आई. रिस्क नको."

सावनी फोनमधून वर न बघता — "बरोबर बोलतोय तो, आई."

१७ ऑगस्ट

शेजारच्या नेत्राला विचारलं. "मावशी, आम्ही व्हिसावर, यार! उद्या काही झालं तर?" चकल्यांच्या वेळी बरी मावशी आठवते!

१८ ऑगस्ट

पोस्टवाल्या बाईला अडवलं. ड्युटीवर सही चालत नाही म्हणे. थंड पाणी दिलं, ते चाललं.

२० ऑगस्ट

आनिकाचा फोन. स्पीकरवर. एका मतानं काय होतंय पप्पा, यंदा राहू दे. म्हातारा हो हो म्हणाला. फोन ठेवला आणि पाकीट पुस्तकांखाली सरकवलं. जेवला नाही. बटाट्याला वास येतो म्हणाला. मी खाऊन बघितला. येत नव्हता.

डोकंच फिरलं माझं. घरी येऊन सौमित्रला म्हटलं, रविवारी मंडळाची गणपतीची मीटिंग ना? मी येते. उभी राहून सगळ्यांना सांगते मी काय काम करते ते. नाहीतर शनिवारी माझ्याबरोबर चल आणि सही कर.

"आई, हे ब्लॅकमेल आहे."

"असेल."

२२ ऑगस्ट

झालं!

म्हाताऱ्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. बटणं मी लावली. मतपत्रिका आत घालताना आम्हाला पाठ फिरवायला लावली. मी म्हटलं, कळलंय मला — ज्यांनी हाकललं त्यांनाच देणार! "सीक्रेट," म्हणाला. पण कान लाल. मग पाकीट बंद, त्याची सही, सौमित्रची, माझी. सौमित्र कुजबुजला, "इंग्लिशमध्ये कर." येत नाही तर काय करू! मराठीत केली. म्हाताऱ्यानं ती निरखून बघितली.

पळेल वाटलं होतं, पण सौमित्र बसला. प्रश्नावर प्रश्न. ती बोटीतली माणसं परत गेली का? पाचातलं एखादं गेलं, म्हणाला म्हातारा. कोण गेली? का गेली? माझ्याशी कधी एवढं बोलला हा? मी आपली कप विसळत उभी.

मग म्हातारा मला विचारतो — "आणि तुमचं मत कुठं?"

माझ्याआधी सौमित्रच बोलला. "तिचं नाव काढलं गावाच्या मतदारयादीतून. घर बंद असतं ना."

मला आत्ता कळतंय!

"काकांनी गेल्या वर्षी फोनवर सांगितलं होतं. तुला काय फरक पडणार होता, आई?"

मी विसळलेले कप पुन्हा विसळायला घेतले.

२४ ऑगस्ट

पाकीट कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकलं. म्हातारा दारातून बघत होता, मी दुसरीकडेच टाकीन असं वाटत असावं!

३० ऑगस्ट

घरात कुणी नाही. दोघं कुणाच्या तरी वाढदिवसाला. चल म्हणाले, नको म्हटलं. तिथंही सोफ्यावर बसायचं आणि "कशा आहात काकू" ऐकायचं.

गावाकडं मत द्यायला जायचे ते सासरे सांगतील त्या बटणासाठी. ते गेले, मग नवरा सांगायचा. तोही गेला, त्या साली पहिल्यांदा एकटी गेले. सांगणारं कुणी नाही. पडद्यामागं इतका वेळ उभी राहिले की मास्तर ओरडले, "बाई, आटपा!" नाही आटपलं. सगळी चित्रं नीट बघितली, मग दाबलं. बोटाची शाई पुसू नये म्हणून भांडी दुसऱ्या दिवशी घासली.

फरक पडला होता. मला.

५ सप्टेंबर

म्हाताऱ्यानं आज फोडणी घालू दिली. जिरं बाजूला काढून ठेवलं, पण खाल्लं.

१३ सप्टेंबर

तिकडं आज मतदान. म्हातारा कॉम्प्युटरसमोर, आकड्यांची वाट बघत. मला शेजारी खुर्ची ओढून दिली.

सकाळी सौमित्रला सांगितलं, दिवाळीच्या आत विमानाचं बघ. फक्त जायचं, परतीचं नको. घर उघडायचंय, यादीत नाव परत लावायचंय.

म्हाताऱ्याला अजून सांगितलेलं नाही.