भाव न सांगता लावलेली बोली

मी, या घराची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे (नेमके किती ते दाखल्यावर आहे, इथे लिहायची हौस नाही), धंदा जुन्या सामानाचे लिलाव पुकारणे, आज स्वतःच्या राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा निर्वाळा कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; तो प्रयत्न आमच्या ह्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी करून पाहिला आणि सोडून दिला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, यानंतर करायचा विचार नाही, तेव्हा हेच पहिले आणि हेच शेवटचे धरावे.

मला दोन मुले. थोरला मुलगा फरश्यांचे दुकान चालवतो. धाकटी मुलगी माझ्याजवळ राहते आणि खाली, लिलावाच्या हॉलमागच्या खोलीत, खुर्च्यांच्या बैठका वेताने विणते. ह्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. आणखी कोणी वारस उगवलाच तर तो खोटा समजावा.

कलम पहिले. हातोडी.

लिलावाचा हॉल ह्यांचा. पण ह्यांचा आवाज इतका मऊ, की पहिल्या रांगेपलीकडे पोचत नसे. त्यामुळे पुकारायला पगारी माणूस ठेवला होता. एके दिवशी तो आलाच नाही. गिऱ्हाइके उठून निघाली, हे घाम पुसत उभे, आणि मी विक्रीला मांडलेल्या एका टेबलावर चढले. दुपारपर्यंत सगळा माल विकला, शेवटी पायाखालचे टेबलही विकले आणि मग खाली उतरले. त्या दिवसापासून बाजाराने मला हातोडीबाई केले आणि मीही ते नाव मिरवले. ती हातोडी माझ्या मागे व्यवस्थापकबाईंच्या ताब्यात द्यावी. व्यवस्थापक म्हणून मी बँकेतल्या काउंटरवरच्या चष्मेवाल्या बाईंना नेमत आहे. त्यांनी हातोडीचे काय करायचे ते पाचव्या कलमात येईल.

कलम दुसरे. आरसा आणि निळे स्टूल.

जुन्या बाजारात एक व्यापारी आहे, त्याला सगळे गोडबोल्या म्हणतात. त्याने मला एकदा मोठा आरसा विकला, चौकटीजवळचा तडा लाकडी पट्टीने झाकून. तो आरसा मी जिन्यात लावून ठेवला आहे. येताजाता ती पट्टी दिसते आणि माझे रक्त गरम राहते, त्यामुळे थंडीत बरे पडते. माझ्या मागे तो आरसा गोडबोल्याला परत द्यावा, फुकट.

गोडबोल्या आणि त्याचे दोन दोस्त माझ्या हॉलमध्ये साटेलोटे करून येत. एकाने बोली लावायची, बाकी दोघांनी छताकडे बघायचे. नवरा गेलेली एखादी बाई कपाट विकायला आणी. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच तिघांना कळे, की हिला पैसे आजच हवेत. गरजवंताला अक्कल नसते असे म्हणतात. टेबलावर उभी राहून मी जन्मभर पाहिले. अक्कल असते, गरज लपवता येत नाही.

एकदा एक निळे स्टूल विक्रीला आले. धाकटी तेव्हा शाळेत जाई. लिलाव सुरू होईपर्यंत ती त्या स्टुलावरून उठली नाही. स्टुलाची पाळी आली तेव्हा मी तिच्याकडे बघितले. मुठीत खाऊचे पैसे होते. तिने मान खाली घातली. पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही, हा धंद्याचा नियम. मी एकवार म्हटले, दोनवार म्हटले, जमेल तितकी रेंगाळले, आणि स्टूल गोडबोल्याला गेले. संध्याकाळी मी तिला विचारले, हवे होते तर तोंडाला काय कुलूप लावले होतेस? ती म्हणाली, "किती म्हणू तेच कळेना. जास्त म्हटलं तर लोक हसतील, कमी म्हटलं तर तू हसशील."

गोडबोल्या अजून त्याच स्टुलावर बसून दुकान चालवतो. आरसा परत देताना स्टूल मागून बघावे. नाही म्हणाला तर वाद घालू नये. आरशावरची पट्टी काढावी आणि तडा त्याच्या गिऱ्हाइकांना निवांत दाखवावा.

कलम तिसरे. ट्रेझरी बिले.

गुडघे गेले तसा मी हॉल बंद केला. सामानसुमान विकून आलेले पैसे बँकेत नुसते पडून होते. चष्मेवाल्या बाईंनी सुचवले, की सरकारी ट्रेझरी बिले घ्या, आता साध्या माणसालाही मिळतात, दर आठवड्याला त्यांचा लिलाव असतो. लिलाव म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी विचारले, बोली कितीपासून सुरू?

"तुम्ही भाव सांगायचाच नाही," त्या म्हणाल्या. "किती रकमेची हवीत तेवढं सांगा. भाव मोठ्या बँका लावतात. त्यांच्या मंजूर बोलींची जी सरासरी निघेल, त्या भावाने तुम्हाला मिळतात."

मी त्यांना सांगितले, की भाव न सांगता बोली लावणारा माणूस माझ्या हॉलमध्ये आला असता तर मी त्याला सोलून काढला असता. आणि तावातावाने घरी आले.

आठवडाभर चिडचिड केली. मग भाजी निवडताना एकदम लक्षात आले, की त्या लिलावात माझा चेहरा कोणालाच दिसत नाही. मला पैशांची घाई आहे की नाही, नवरा आहे की गेला, हे कोणी वाचू शकत नाही. मोठे लोक आपापसात झुंजतात, आणि त्यांच्या झुंजीतून निघालेला भाव माझ्यासारखीला गुपचूप मिळतो. गोडबोल्या तिथे छताकडे बघत बसला तरी माझे काही वाकडे होत नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले आणि चष्मेवाल्या बाईंची माफी न मागता फॉर्म मागितला.

माझ्या मागे हे वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून लिहिते. सरकार आपल्याकडून थोड्या मुदतीसाठी उसने घेते. शंभराचे बिल शंभराहून थोडे कमी घेऊन देते, आणि मुदत भरली की पुरते शंभर खात्यात टाकते. वेगळे व्याज नाही. मधला फरक तोच आपला नफा. माल म्हणून पाहिले तर विचित्र आहे. टिचकी मारून वाजवता येत नाही, उलटा करून वाळवी बघता येत नाही, खात्यात नुसती एक ओळ दिसते. पण इतक्या वर्षांत ती ओळ एकदाही शब्दाला चुकली नाही, आणि हे मला माझ्या निम्म्या नातेवाइकांबद्दल म्हणता येणार नाही. थोरला हसतो. म्हणतो, आई, एवढा नफा मला एका आठवड्यात सुटतो. मी म्हणते, दुसऱ्या आठवड्यात कुठे जातो तेही सांग.

काही बिले तीन महिन्यांची, काही सहा, काही वर्षाची, अशी मी बेतून घेतली आहेत, की दर तिमाहीला एक तरी पिकते. पिकले की त्या पैशातून दुसरे घ्यायचे, एवढाच माझा आताचा उद्योग.

डोळे अधू झाल्यापासून फोनवर रक्कम भरायचे काम धाकटी करते. एकदा माझे भरून झाले तरी ती तिथेच बसून राहिली. "यात भाव लिहायचाच नाही ना?" तिने विचारले. मी म्हटले, नाही. "मग मला जमेल," ती म्हणाली, आणि खुर्च्यांच्या कमाईतून सगळ्यांत लहान रकमेचे एक बिल तिने आपल्या नावाने मागितले. तिच्या आयुष्यातली ती पहिली बोली. मी वरवर पेपर वाचत राहिले, पण मला फार आनंद झाला.

कलम चौथे. थोरला.

माझ्या नावावरची सर्व बिले धाकटीला द्यावीत. थोरल्याने नाक मुरडू नये. त्याचे दुकान मी हॉलच्या पैशातून घेऊन दिले आहे, ते त्याच्याच नावावर आहे आणि त्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. पोरगा गुणाचा आहे. मी जिन्यात पडले तेव्हा मला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळाला होता. फक्त आवाज माझ्यावर गेला आहे. तो खोलीत आला की बाकीचे आपोआप गप्प होतात, आणि धाकटी तर सगळ्यांच्या आधी.

कलम पाचवे. घर.

घर दोघांचे, निम्मे निम्मे. थोरल्याचे म्हणणे असे, की जागा मोक्याची आहे, एक बांधकामवाला तयार आहे, विकून वाटून घेऊ. त्याच्या जागी त्याचे बरोबर आहे. त्याला राहायला घर आहे. पण धाकटीचा वेत भिजवायचा हौद इथे, बारीक वीण दिसण्यापुरता उजेड मागच्या खिडकीतून येतो तो इथे, आणि मोडक्या खुर्च्या घेऊन लोक येतात ते याच दाराशी. मी तिला सरळ विचारले, तुला घर हवे का? ती म्हणाली, "दादाला काय वाटतं ते बघ."

घर तिच्या नावाने लिहून टाका, असे वकील म्हणाले. सोपे होते. पण दिलेले घर ती दुरुस्तीला आलेल्या खुर्चीसारखे सांभाळत बसेल, कोणीतरी एक दिवस न्यायला येणार आहे अशा बेताने. थोरला आला की उठून उभी राहील. म्हणून तिने ते मागून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी पुढीलप्रमाणे करावे.

किंमत तीन बंद पाकिटांतून ठरवावी. एक पाकीट थोरल्याचे, एक बांधकामवाल्याचे, एक बँकेच्या मूल्यमापकाचे. तिन्हींची सरासरी ती घराची किंमत. धाकटीने पाकीट द्यायचे नाही, भाव लिहायचा नाही. त्या किमतीच्या निम्मे थोरल्याला देऊन घर घ्यायचा हक्क तिचा. पैसे बिलांचे आहेत; थोडे कमी पडले तर खुर्च्या आहेत. तिने घेतले नाही तर थोरल्याने आपल्या पाकिटात लिहिलेल्या भावानेच घर त्याला घ्यावे लागेल आणि निम्मे तिला द्यावे लागेल. तेव्हा आकडा लिहिताना हात जपून.

लिलाव चष्मेवाल्या बाईंनी खालच्या हॉलमध्ये, माझ्या हातोडीने पुकारावा. मी एकवार आणि दोनवार यांच्यामध्ये एक श्वास थांबत असे, गिऱ्हाईक रंगात आले असेल तर तेवढाही नाही. इथे तसे चालणार नाही. मी गेल्यानंतर पहिले बिल पिकेल त्या दिवशी पहिला पुकारा करावा. पुढच्या तिमाहीचे पिकेल तेव्हा दुसरा, आणि त्यापुढचे पिकेल तेव्हा तिसरा. मधल्या काळात कोणीही तिला समजावू नये, थोरल्याने तर मुळीच नाही. दर वेळी खात्यात पुरी रक्कम आलेली तिला दिसेल, आणि सकाळी त्याच खिडकीत बसून तिला काम करावे लागेल. तिने फक्त हात वर करायचा आहे. तिने तो केला तर घर तिचे आणि हातोडीही तिची.

सगळ्या मृत्युपत्रात मला खरी धास्ती याच कलमाची आहे. तिसऱ्या पुकाऱ्यालाही तिने मान खाली घातली तर काय, या विचाराने माझा जीव खालीवर होतो. पण तेव्हा टेबलावर मी नसेन.

कलम सहावे. किरकोळ.

दाराची घंटा डॉक्टरीणबाईंना आवडते, पण त्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, म्हणून ती त्यांनी आजच काढून न्यावी. सुतार दुसरा साक्षीदार. त्याला मी आयुष्यात काही फुकट दिलेले नाही आणि आताही देत नाही. माझ्या मागे भाषणे नकोत. हॉलमध्ये खुर्च्या मांडाव्यात, आणि बसणाऱ्यांनी उठताना एवढेच विचारावे, की बैठक विणली कोणी.

पुरवणी.

वरचा मजकूर वाचून झाला, साक्षीदारांनी पेने काढली, आणि धाकटी वर आली. तिला मी मुद्दाम खाली पाठवले होते. यातले तिला एक अक्षरही माहीत नाही. हातात मोजपट्टी होती. ती सुताराकडे गेली आणि म्हणाली, मागच्या खिडकीची चौकट कुजली आहे, नवी करून द्या. मी विचारले, दादाला विचारलेस का? "नाही विचारलं," ती म्हणाली. "माझं बिल पिकलंय, त्यातून करतेय. चांगली वीस वर्षं टिकायला हवी."

सुताराने तिथल्या तिथे किंमत सांगितली. खोलीत आम्ही चौघे होतो. धाकटीने मोजपट्टी गुंडाळली, परत उलगडली, आणि म्हणाली, "जास्त होतात." मग तिने स्वतःचा आकडा सांगितला.

कोणी हसले नाही. मीही नाही, आणि हे लिहून ठेवण्यासारखे आहे.

सबब, पाचव्या कलमातला पहिला पुकारा आज, माझ्या हयातीत, माझ्याच तोंडाने झाला असे समजावे. माझ्या मागे फक्त दोन उरले.

एकवार.

ठिकाण: वरच्या मजल्यावरची खोली, लिलावाच्या हॉलवर
दिनांक: सरकारी लिलावाचा वार; तारीख शिक्क्यावर आहे ती
सही: हातोडीबाई

साक्षीदार पहिल्या: डॉक्टरीणबाई. लिहून देणार बाई पूर्ण शुद्धीत आहेत. डोळ्यांत पाणी आहे, ते आजाराचे नाही.

साक्षीदार दुसरा: सुतार. सही माझ्या हातची. चौकटीचा भाव ताईंनी सांगितला तोच कबूल.