बापूंच्या राजाची उडी

४ जाने., रवि.
मनोहरच्या कृषी केंद्रात खताच्या पोत्यांवर बुद्धिबळाचा पट मांडून आमचे अठरा वर्षांचे रविवार गेले. आता पटाशेजारी फोन असतो. डाव संपला की म. सगळ्या खेळ्या त्यात भरतो, मग त्यातलं यंत्र कोणाचं कुठे चुकलं त्याचा निकाल देतं. आज मी जिंकलो. यंत्राच्या मते हरायला हवा होतो. म. एवढा खूश की चहा त्यानेच सांगितला.

११ जाने., रवि.
"तू आता वजा दोन पॉइंट चार हायेस," म्हणतो. म्हणजे यंत्राच्या हिशेबात मी हरतोय. ज्याच्या वजनकाट्यावर अख्ख्या रोहणा गावाचा विश्वास नाही, तो मला दशांशात मोजून राह्यला.

१३ जाने.
म. बापूंची वही मागून घेऊन गेला. बापू म्हणजे माझे वडील, शाळामास्तर. नागपूरच्या एका नावाजलेल्या खेळाडूला त्यांनी गणपतीच्या मंडपात हरवलं होतं. उभ्या जन्मात तेवढंच जिंकले. सगळ्या खेळ्या वहीत, त्यांच्याच अक्षरात. दिली. काऊन दिली?

१५ जाने.
दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर: "बापूची विसावी खेळी घोडचूक हाये, भाऊ. त्या नागपूरवाल्याले दिसलं नाई म्हणून वाचले." चौघं हसले. त्यातला एक बापूंचाच विद्यार्थी. बारापुढचे पाढे त्याला कधी आले नाहीत, हसू मात्र चटकन आलं.

१६ जाने.
वही परत आणली. त्याआधी दुकानातच म.च्या फोनशी ताडून पाहिली. विसाव्या खेळीला बापूंच्या राजाची अडीच घरांची उडी आहे. आपल्याकडे सगळेच घेतात. शह लागला नसेल तर डावात एकदा, घोड्यासारखी. फोनमध्ये राजा एकच घर सरकलेला.
"काऊन रे?"
"मशीन उडी घेतच नाई. मंग बाजूच्या घरात ठेवला. जवळच तं हाये."
जवळच! तुरीचं बी मागितलं तर हा कपाशीचं देईल, शेजारच्याच पोत्यातलं.
म्हटलं, त्या चौघांसमोर माफी माग.
"मागतो ना. पयले खेळून दाखव. उडीनं बापू जिंकतच होते कशावरून?"

१८ जाने., रवि.
विसाव्या खेळीपासून मांडला. मी बापू, म. नागपूरवाला. उडी घेतली. नागपूरवाल्याने इथे हत्ती हलवला होता. म. त्याहून बरी खेळी शोधत कशालाच हात लावेना. तासभर डोकं धरून बसला, फोन खिशात. शेवटी म्हणाला, "पुढच्या रविवारी सांगतो." चेहरा पाहून फार बरं वाटलं.

२० जाने.
सकाळी उगाच पट मांडून बसलो. नागपूरवाल्याचं मधलं प्यादं हललं की त्याचा पांढरा उंट कोपऱ्यातून शह देतो. बापूंचा राजा उडी मारून नेमका त्याच्याच वाटेत बसलाय. बापूंच्या बाजूने उत्तर सापडत नाही. सौ. म्हणाली, "अहो, चहाचं पाणी झालं. कोनाशी भांडून राह्यले?"

२१ जाने.
म.च्या फोनमधलं ते यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअर, मीही माझ्या फोनमध्ये घेतलं. त्यात सोंगट्या हाताने, हव्या तशा मांडता येतात. म्हणजे उडीनंतरचा पट देता येतो. म.ला हे अजून माहीत नाही.
मांडला. राजा उडीच्या घरात. खेळी कोणाची, विचारलं. नागपूरवाल्याची, म्हणून सांगितलं.
'विश्लेषण करा' तेवढं दाबायचं राहिलंय.