सहलेखक के. के. श्रीहरी यांचे नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. विशेष कार्य अधिकारी,
लेखकत्व अभ्यास व पडताळणी कक्ष,
सागरदीप विज्ञान संस्था, वसई (पूर्व), जि. पालघर.

अर्जदार: श्रीमती जयवंती हरिश्चंद्र भोईर, प्रयोगशाळा परिचर, रा. उमेळे, ता. वसई.

विषय: सुवर्णकणांवरील शोधनिबंधात माझ्या चुकीने लागलेले श्रीहरींचे नाव कमी करून तेथे माझे नाव घालणे, तसेच प्रतिज्ञापत्रातील वाक्य क्र. ३ वगळणेबाबत.

संदर्भ: आपली कारणे दाखवा नोटीस जा.क्र. लेअपक/११२/२०२५, दि. ६ नोव्हेंबर २०२५. (नोटीस श्री. के. के. श्रीहरी यांच्या नावे होती. ते जागेवर न मिळाल्याने मी सही करून घेतली.)

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, मी या संस्थेत बावीस वर्षे परिचर आहे. काचेची भांडी धुणे, ऊर्ध्वपातित पाणी भरून ठेवणे आणि सर लोक विसरतात ते पंखे बंद करणे, ही माझी कामे. मला कीर्तनाची अतिशय आवड आहे. ही गोष्ट सेवापुस्तकात नाही, पण झालेल्या चुकीचे मूळ तिच्यातच असल्याने आधीच कबूल करते.

१. कु. उन्नती कदम, रा. एव्हरशाईन सिटी, ही मुलगी डॉ. प्लासिड डिमेलो सरांच्या हाताखाली पाच वर्षे सोन्याच्या नॅनो कणांवर पीएच.डी. करीत आहे. हे सोने दागिन्यातल्यासारखे पिवळे नसते. सोन्याच्या क्षाराचे पाणी उकळवून त्यात सायट्रेट टाकले की डोळ्यांना न दिसणारे कण तयार होतात आणि उजेड त्यांच्याशी वेगळेच वागतो. कण नीट सुटे झाले तर पाणी माणकासारखे लाल दिसते. एकमेकांना चिकटले, किंवा अर्धवट राहिले, तर निळे-जांभळे. आमच्याकडे लाल आले की प्रयोग आणि जांभळे आले की मोरी, असा हिशेब होता. पहिली दोन वर्षे मोरीनेच जास्त सोने खाल्ले.

२. भांडे अम्लराजाने, म्हणजे सोनेही विरघळवणाऱ्या जहाल अ‍ॅसिडने, धुतल्यावर त्याला फडका लावायचा नाही, फडक्याचा तंतू राहिला तर कण त्याला धरून बसतात, हे मी उन्नतीला सांगितले. कोणी शिकवले नव्हते. बावीस वर्षे भांडी धुतली की भांडी बोलतात. तरीही एक कोडे राहिले. ढवळताना मी शेजारी उभी असले की पाणी लाल होई, आणि मी रजेवर असले की जांभळे. उन्नती म्हणाली, "मावशी, हा योगायोग आहे." मी म्हटले, "असेल गं." पुढे उलगडा झाला तो असा. मी उभी असले की नामाचा गजर गुणगुणते. एरवी उन्नती घाई करून आच लवकर बंद करी. पण माझा गजर चालू असताना मध्येच बंद करणे बरे दिसणार नाही म्हणून थांबे. तेवढ्यात कण आपली जांभळी पायरी ओलांडून लाल होत. तिने माझा गजर तीन वेळा घड्याळ लावून मोजला. दर वेळी अकरा मिनिटे, फरक चार सेकंदांचा. निबंधात 'अकरा मिनिटे सतत ढवळावे' असे जे छापले आहे, ते इथून आले.

३. यावर डिमेलो सर म्हणाले, "जयवंतीबाई, तुमचं नाव लेखकांत जाणार." मी म्हटले, "सर, मला तुमच्या निबंधातलं माझं आडनावसुद्धा वाचता येणार नाही." ते म्हणाले, "पेन धरतो तो लेखक असं नसतं बाई. उद्या कोणी विचारलं, हे लाल कसं झालं, तर उत्तर द्यायला जो उभा राहतो तो लेखक." हे वाक्य मला तेव्हा नीट कळले नाही. आता नोटीस हातात धरून कळते आहे.

४. नंतर नियतकालिकाकडून प्रत्येक लेखकाला मोबाईलवर अर्ज आला. माझा अर्ज उन्नतीने माझ्याच फोनवर उघडून दिला आणि म्हणाली, "मावशी, या चौकोनात हे काम खरोखर कोणी केलं त्याचं पूर्ण नाव टाका. मराठीत टाकलंत तरी ते इंग्रजी करून घेतं." आणि मायक्रोस्कोपवर तिचा नंबर लागला होता, म्हणून ती तिकडे धावली.

महोदय, 'खरोखर' हा शब्द तिने वापरला नसता तर हा अर्ज लिहिण्याची वेळ आली नसती. आमच्या मारुतीच्या देवळात बुवा दोन तास घाम गाळतात, पेटीवाला आणि तबलजी त्यांच्यासोबत दमतात, आणि शेवटी बुक्का लावून घेताना बुवांना कोणी म्हटले की आज छान झाले, तर ते वर बोट करतात. लहानपणापासून हेच पाहिले. 'खरोखर कोणी केले' असे विचारल्यावर माझ्या बोटांनी आपसूक टाईप केले: करता करविता श्रीहरी.

यंत्राने त्याचे के. के. श्रीहरी केले.

५. छापण्यापूर्वीची प्रत आली तेव्हा उन्नतीला वाटले, हे डिमेलो सरांच्या ओळखीचे कोणी मोठे गृहस्थ असतील. डिमेलो सरांना वाटले, उन्नतीला मोजमाप करून देणारे कोणी असतील. एकमेकांना विचारायचा दोघांनाही संकोच झाला. माझे नाव गाळलेले पाहून सरांनी मला विचारले, तर मी म्हटले, "मीच दुसरं लिहिलंय." त्यांना वाटले मी नम्रपणे नकार दिला, म्हणून त्यांनी विषय वाढवला नाही. अशा रीतीने सर्वांच्या चांगुलपणामुळे श्रीहरी दुसऱ्या क्रमांकाचे लेखक झाले.

६. त्यानंतर आपल्या कक्षाचा वार्षिक अभ्यास निघाला, संस्थेत कोण किती लिहितो, कोणाबरोबर लिहितो, पुरुष किती, बायका किती. आपल्या संगणकाने देशभरातले सगळे के. के. श्रीहरी एकत्र केले. त्यामुळे यांच्या नावावर सुवर्णकणांखेरीज वांग्यावरची कीड, सिमेंटच्या भेगा, मोतीबिंदू आणि संस्कृत छंद असे एकशे एकोणचाळीस लेख निघाले. अहवालात त्यांना 'संस्थेतील सर्वाधिक बहुआयामी संशोधक' म्हटले गेले. त्यात मला तेव्हा चुकीचे काहीच वाटले नाही.

७. सत्काराचे ठरल्यावर आपले लिपिक श्री. हरेश प्रयोगशाळेत आले. त्यांनी विचारले, "मॅडम, श्रीहरी सर तुमच्या ओळखीचे का?" मी म्हटले, "लहानपणापासून." ते म्हणाले, "पर्मनंट की कंत्राटी?" मी म्हटले, "कायमचे." "बसतात कुठे?" "ते एका जागी कुठे बसतात?" "रिपोर्टिंग कोणाला करतात?" "त्यांना कोणाला करावं लागत नाही." हरेशभाऊंनी मान डोलावली आणि म्हणाले, "म्हणजे संचालक लेव्हलचे आहेत, फाईल वेगळी काढतो." मला वाटले, हरेशभाऊ भाविक आहेत, दुपारच्या वेळी चार शब्द देवाचे बोलायला आले. त्यांना मी चहाही दिला. यात त्यांचा दोष नाही, तरी त्यांच्यावर कारवाई करू नये.

८. सत्काराच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि बॅनर तयार होते. नाव पुकारले. कोणी उठले नाही. दुसऱ्यांदा पुकारल्यावर मागच्या रांगेत मी हात जोडले, म्हणून सर्वांचे लक्ष माझ्याकडे गेले. पुढचे आपणास माहीतच आहे. हजेरीपटावर शोध झाला, बोगस लेखकाचे प्रकरण झाले आणि नोटीस निघाली. तीत लिहिले आहे की दि. २१ नोव्हेंबरपर्यंत सर्व लेखकांनी व माझ्यासारख्या संबंधितांनी प्रतिज्ञापत्र न दिल्यास निबंध मागे घेतला जाईल, आणि तसे झाल्यास उन्नतीचा प्रबंध स्वीकारला जाणार नाही.

९. प्रतिज्ञापत्राच्या वाक्य १ व २ बद्दल माझी तक्रार नाही. वाक्य ३ असे आहे: 'के. के. श्रीहरी या नावाची कोणीही व्यक्ती अस्तित्वात नाही, पूर्वीही नव्हती, व सदर कामात त्यांचा कोणत्याही स्वरूपाचा सहभाग नाही.'

महोदय, यावर मी सही कशी करू? उन्नतीने केली, कारण तिला दुसरा मार्ग नाही, पण सही करताना तिने वाक्यावर हात ठेवला होता. डिमेलो सरांनी त्यांचा कागद परत माझ्याकडे दिला. ते म्हणाले, "बाई, नाव तुमच्याकडचं आहे, पण वर राहणारा एकच. हे लिहून देऊन रविवारी चर्चमध्ये मिस्सेला कुठल्या तोंडाने जाऊ?" म्हणजे तीन जणांपैकी एक सही झाली आहे, आणि जिची झाली ती मुलगी जेवत नाही.

१०. शेवटी मी आमच्या देवळातल्या चंद्रहासबुवांकडे गेले. बुवा तलाठी म्हणून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे त्यांना प्रतिज्ञापत्र आणि हरिकथा दोन्हीतले कळते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "जयवंती, मी आख्यानात काय सांगतो? देवाने भक्ताच्या घरी पाणी भरलं, दळण दळलं. कुठे सही केली का? दुसऱ्याचं रूप घेतलं, दुसऱ्याच्या नावाने राबला आणि निघून गेला. तू त्याला उगाच चव्हाट्यावर आणलंस. काम त्याचं असेल, नाव तुझंच जायला हवं होतं." मी म्हटले, "बुवा, तो मोठेपणा होईल." ते म्हणाले, "अगं, मोठेपणा सत्कारापुरता. नोटीस आली तेव्हा कोण होतं जागेवर?"

घरी येताना मला डिमेलो सरांचे वाक्य आणि बुवांचे वाक्य एकच वाटू लागले. मी नम्र होते असे मला वाटत होते. खरे म्हणजे उत्तर द्यायची जागा मी दुसऱ्यावर ढकलली, तीही अशा माणसावर की जो कधी उलट बोलत नाही.

तरी विनंती की,

(अ) श्रीहरींचे नाव निबंधातून काढावे. ते नाराज होणार नाहीत, याची हमी मी घेते. त्यांनी श्रेय मागितल्याचे कुठल्याही आख्यानात माझ्या ऐकण्यात नाही.

(आ) तेथे 'जयवंती हरिश्चंद्र भोईर' असे लिहावे. कामाच्या तपशिलात भांडी धुणे व ढवळण्याची वेळ राखणे असे नमूद करावे. आपल्या यादीत गजराला रकाना नाही, त्याबद्दल माझा आग्रह नाही. पाणी लाल कसे झाले, असे कोणीही, कुठूनही विचारले तर उत्तर मी देईन. भांडे घेऊन यावे, करूनही दाखवीन.

(इ) वाक्य ३ ऐवजी मी सोबतच्या कागदावर लिहिलेले वाक्य घ्यावे: 'के. के. श्रीहरी हे या संस्थेच्या हजेरीपटावर नाहीत.' डिमेलो सर यावर सही करायला तयार आहेत. बुवांच्या मते हे कायद्यात बसते आणि देवळातही.

(ई) काही कारणाने छापील वाक्यच हवे असेल, तर मी उन्नतीसाठी त्यावरही सही करीन. तिची पाच वर्षे माझ्या एका चौकोनात अडकली आहेत, आणि ती सुटत असतील तर माझे जे व्हायचे ते होवो. फक्त एवढेच मागणे की, असा कोणी अस्तित्वात नाही व पूर्वीही नव्हता, हे आपण अधिकारी या नात्याने तपासून पाहिलेले असेलच, तेव्हा त्या वाक्याखाली पहिली सही आपण करावी. आपली झाली की लगेच खाली माझी होईल.

आपली नम्र व उत्तरास बांधील,

(सही)
जयवंती हरिश्चंद्र भोईर
प्रयोगशाळा परिचर
वसई, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१. कारणे दाखवा नोटीस, मूळ प्रत.
२. गजराच्या वेळेची नोंद, तीन वेळा (कु. उन्नती कदम यांच्या वहीतून).
३. प्रतिज्ञापत्र, दुरुस्त वाक्यासह, माझी सही केलेले.
४. प्रतिज्ञापत्र, छापील, माझ्या नावचे, वाक्य ३ खाली दोन जागा कोऱ्या. वरची आपली.