ठिपकीचे जंत आणि माझा लसूण

चिरंजीव बापूस काकाचे आशीर्वाद. तू आता जनावरांचा डॉक्टर, तेव्हा मायन्यात 'डॉक्टरसाहेब' लिहायला हवं होतं, पण ज्याने तुला नाक पुसायला शिकवलं त्याच्या हातून ते उतरेना. खोकला कसा आहे? (फोनवरच विचारलं असतं, पण फोनवर मी 'हॅलो' म्हणतो आणि पुढचं सगळं तुझी काकू बोलते. म्हणून पत्र.)

तर कोंबड्यांचं. तू जंत आहेत म्हणालास, औषध लिहून दिलंस, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते दिल्यावर काही दिवस अंडी फेकायची, हे माझ्या गळी उतरेना. आपली सगळी अंडी कोपऱ्यावरची केकवाली घेते, तिला काय सांगायचं? त्यातच वाचनालयातल्या एका पुस्तकात लसूण, पपईच्या बिया असा झाडपाल्याचा उपाय सापडला. (पुस्तकाची शेवटची पानं गायब होती. किती द्यायचं ते बहुधा तिथंच असावं.) मी काकूला शब्द दिला, तुझी ठिपकी गुबगुबीत करून दाखवतो. पिल्लू असताना काकूने तिला ओंजळीत घेऊन दाणा भरवला होता. आता तिच्या छातीचं हाड हाताला लागतं.

लसूण ठेचून पाण्यात घातला, तर कोंबड्यांनी पाण्याकडे पाठ फिरवली. मग तोच लसूण आणि बियांची पूड पिठात घालून गोळ्या वळल्या, त्या मात्र चटाचट उचलल्या. फरक कळावा म्हणून खुराड्यात मधोमध जाळी ठोकली. एकीकडे गोळ्या, दुसरीकडे नुसता दाणा. पुढे पाहतो तर दोन्हीकडे सारखाच लसणाचा वास. काकू माझ्या पाठीमागे जाळीपलीकडेही गोळ्या टाकत होती. "अर्ध्यांना वाढायचं आणि अर्ध्यांना बघत बसवायचं, हे माझ्या घरात चालायचं नाही," म्हणाली. शास्त्र तिथंच आटोपलं.

वास पुढे अंड्यांत उतरला आणि अंड्यांतून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकात. आता केकवाली आपली अंडी घेत नाही आणि मी दिसलो की काउंटर पुसायला लागते. एवढं सोडलं तर प्रयोग यशस्वी आहे. बहुतेक कोंबड्या टवटवीत आहेत. तुझ्या औषधाची गरज उरली नाही, हे कळवायलाच हे पत्र.

तुझा काका

ता. क. वर 'बहुतेक' मुद्दाम लिहिलं आहे. काल संध्याकाळी ठिपकीला दांडीवर चढता आलं नाही. काकूने तिला उचलून ठेवलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. अंडी नाहीतरी कुणी घेत नाही, तेव्हा ती फेकायला आता माझी ना नाही. औषध लगेच पाठव. पुडक्यावर 'चष्मा' असं लिही, काकूला कळता कामा नये.

आणखी एक ता. क. चिकटवलेलं पाकीट परत उघडलं आहे. टपालात टाकायला काकूच्या हाती दिलं, तर म्हणाली, यात औषध मागवलं असेल तर राहू द्या, मी सकाळीच बापूला फोन केलाय, उद्या पुडकं येतंय. मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं.

म्हणाली, "तुमच्या लसणाला वाईट वाटलं असतं."