खिळ्याखालचं खोड

बाई,

आज रविवार, १२ फेब्रुवारी १९९५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. सोनिवलीच्या आमच्या खोलीसमोरच्या आंब्याला तुम्ही दिलेलं भिंग लावून मी उभा होतो. आता त्याच झाडाखाली बसून लिहितो आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे हे पत्र टाकायचं कुठेच नाही. पण दुसऱ्या कोणाला ते समजणारही नाही.

अंबरनाथच्या शाळेतल्या आंब्यावरचे करडे-पांढरे चट्टे मी कर्कटकाच्या टोकाने खरवडत होतो आणि तुम्ही माझं मनगट धरलंत. "खरूज नाही ती झाडाची. हे शैवाक. झाडाचं काही खात नाही, हवेवर जगतं. तुझ्याएवढं वय असेल त्याचं." मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, हा पण हवेवरच जगतो, डबा आणत नाही." तुम्ही हसला नाहीत. हवा बिघडली की माणसाआधी हे मरतं, एवढंच सांगितलंत. सातवीनंतर माझी शाळा सुटली त्या दिवशी हे भिंग हातात ठेवलंत. "शुद्धलेखन सोडू नकोस. आणि बघत जा."

मी बघत गेलो. माझ्या तीन वर्षांच्या मुलीला दम लागतो. कॅम्प पाचमधल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, हिची हवा बदला. मग चार सुट्ट्या मी अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत खोडं तपासत हिंडलो. आमच्या कंपनीच्या भिंतीलगतची खोडं घासून धुतल्यासारखी कोरी होती. इथल्या आंब्यावर मात्र बोट टेकायला जागा नव्हती. घरमालकीण म्हणाली, "भाऊ, लोक नळ बघतात, तू झाड बघून खोली घेतोस?" दसऱ्याला आम्ही राहायला आलो.

कंपनीत मी रंगाची भुकटी पोत्यांत भरतो. ती घरात यायला नको म्हणून रोज शर्ट बाहेरच काढतो, झटकतो आणि आंब्याला ठोकलेल्या खिळ्यावर टांगतो. शेजारणींना बायको कौतुकाने सांगते, आमचे हे फार जपतात. मुलगी दिवसभर त्याच झाडाखाली खेळते. मोकळ्या हवेत बसव, असं मीच सांगून ठेवलं आहे. तरी दम कमी होत नाही. काल दोनदा तिचे ओठ निळे पडले.

आज भिंगातून वीत वीत करून सगळं खोड पाहिलं. सगळीकडे शैवाक जिवंत आहे. फक्त खिळ्याखाली, शर्ट लोंबतो तेवढ्या जागेत, चट्टे तपकिरी होऊन सुटले आहेत. नख लावलं की भुगा होतो. आणि बरोबर त्याच्या खाली तिची भातुकली मांडलेली आहे. चार महिने मी ती हवा रोज घेऊन येतो आहे.

बायकोने दारातून विचारलं, "सकाळपासून काय शोधताय त्या झाडात?"

"मुंग्या," मी म्हणालो.

खिळा उपटला. पण उद्या पहिली पाळी आहे, आणि दुसरं काम कोण देणार मला? शर्ट कुठे काढायचा तेही ठरत नाही. मुलगी उठायच्या आत तिची बोळकी नळाखाली धुतली. तीनदा धुतली, बाई. पाणी अजून गुलाबीच येतं आहे, आणि बायकोला मी मुंग्याच सांगितल्या आहेत.