पांढऱ्या साडीच्या पिशव्या

मुदखेड
दि. १६ मार्च २०२५

प्रिय रेणुका हिस,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघे बरे आहोत. प्रियाचा खोकला गेला. लग्नसराईचे ब्लाउज आल्यामुळे पत्राला उशीर झाला. तू मागवलेल्या पेटीतल्या साड्या तुझ्या भावाच्या, विनोदभाऊंच्या हाती पाठवत आहे. घडी मोडू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्र घातले आहे. एक साडी कमी आहे, त्याबद्दल लिहायचे आहे.

प्रियाच्या शाळेतल्या शेषेराव सरांनी मुलांसोबत पालकांनाही तळ्यावर पक्षी बघायला नेले होते. काठावरच्या खड्यांत टिटवीची अंडी होती. रंग खड्यांसारखाच. प्रियाने दाखवली तेव्हा मला दिसली. बाजारातली एक कॅरीबॅग उडून अंड्यांवरच पडली होती आणि टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत फिरत होती. सर म्हणाले, "ह्या पिशव्या आपल्याच घरातल्या हायत." तिथेच ठरले की प्रत्येक घराने एक जुनी साडी आणायची, तिच्या पिशव्या शिवायच्या आणि बाजाराला त्याच न्यायच्या.

पालकांत शिंपी मी एकटाच, म्हणून काल शाळेच्या व्हरांड्यात मशीन नेली. बाया कापत होत्या, मी शिवत होतो. शेजारच्या भामाबाई म्हणाल्या, "धम्मानंद, रेणुकाला बोलाव की हाताखाली. लातूरला नर्स व्हायला गेली का डॉक्टर?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. "ट्रेनिंग संपलं की येते," म्हणालो. संक्रांतीला तू फोनवर आता येणार नाही म्हणालीस, ते मी कोणाला सांगितलेले नाही. प्रियालाही नाही.

मग प्रियाने दप्तरातून आपल्या घरची साडी काढली. मी तिला फाटकी निळी काढून दिली होती. तिने तुझी लग्नातली पांढरी आणली होती.

भामाबाईंनी पदर हातात घेतला. "अगं, ही लग्नाची दिसायली. आई आल्यावर काय म्हणंल?"

"ती नेसायला येणार न्हाई आता," प्रिया म्हणाली.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारले.

"कुणीच न्हाई. तिचा फोन ठेवला की तुम्ही मशीन चालवता, पप्पा. पण सुईत दोराच नसतो."

भामाबाईंनी साडीची घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "ने बाबा घरी."

नेता आली असती. पण प्रिया माझ्याकडे बघत होती. साडी परत पेटीत ठेवली असती, तर तिलाही पुन्हा वाट बघायला लावले असते. म्हणून कात्री मीच घेतली. काठ बंदांसाठी राखला. शिवण दुहेरी घातली आहे, उसवणार नाही.

आज बाजारात तुझ्या साडीत कोणाची मेथी होती, कोणाचे बटाटे. मी खाली बघून चालत होतो. प्रिया मात्र माझा हात ओढून प्रत्येक पिशवी दाखवत होती.

तिला फोनवर काही सांगू नकोस, समोर येऊन सांग. येत्या शनिवारी पालकांना पुन्हा तळ्यावर बोलावले आहे. तू आलीस तर मी दुकानातच थांबेन. मुलासोबत एक पालक असला तरी चालतो, असे सरांनी सांगितले आहे.

कळावे.

बुद्धप्रियाचे वडील,
धम्मानंद