कोरडं बोट

४ मार्च, मंगळवार

दाजींनी गाडी परत दिली. मागून येणारा घूं-घूं आवाज थांबलाय, हे कबूल. पण नक्की काय केलंत, विचारलं तर म्हणे, "डिफरन्शियलमध्ये तेल कमी होतं. भरलं." संपलं निवेदन! तीस वर्षं हा माणूस माझ्या बहिणीचा नवरा आहे आणि तीस वर्षांत त्याच्या तोंडून सलग तीन वाक्यं निघालेली मी ऐकली नाहीत. गॅरेजात पुस्तक नावाची वस्तू नाही. कॅलेंडर आहे, तेही गेल्या वर्षीचं.

ज्याला आपलं काम समजावून सांगता येत नाही, त्याला ते काम येत नाही. पन्नास व्यासपीठांवरून हे सांगून झालंय. आपल्याच घरात कोणी ऐकलेलं नाही.

५ मार्च

चालकांच्या संस्थेत रविवारी वर्कशॉपचा प्रमुख निवडायचाय. त्याच्या सहीशिवाय चाळीसपैकी एकही गाडी रस्त्यावर येत नाही. आणि अर्ज कोणी केलाय — दाजींनी!

ताईचा फोन. "त्यांच्यासाठी दोन शब्द बोल रे. सभेत तुझं ऐकतात. गुडघे गेलेत त्यांचे, गाडीखाली आता किती दिवस शिरणार? ही बसून करायची नोकरी आहे."

दोन शब्द. मी आजवर दोनच शब्द कधी बोललोय? म्हणालो, बघतो. जन्मभर वशिलेबाजीवर आसूड ओढायचा आणि शेवटी मेहुण्याची पालखी वाहायची? आधी काम तपासीन. मग तोंड उघडीन.

६ मार्च

तपासलं. गाडीचं माहितीपुस्तक काढलं. आकृती पोराटोरालाही कळेल अशी. मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा, तोच डिफरन्शियल; त्याच्या मागच्या अंगाला बोल्ट. बोल्ट काढायचा, करंगळी वाकवून आत घालायची. तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत हवं. एवढंच. आणि एवढ्यासाठी लोक स्वतःला मिस्त्री म्हणवतात.

गाडीखाली शिरताना पोट आड आलं. आमची ही दारातून म्हणाली, "दाजी तर तसेच जातात." दाजी सुतळी आहेत. मी गाडी मागून जॅकने उचलली, ठोकळ्यांवर टेकवली, खाली शिरलो. बोट घातलं. कोरडं! दुसरं, लांब बोट घातलं. तेही कोरडं.

"भरलं" म्हणे.

पिचकारीने लिटरभर तेल आत गेलं तेव्हा कुठे ते भोकातून ओघळलं. कानाजवळूनच. शर्ट गेला.

ही म्हणाली, "एकदा त्यांना विचारा तरी." म्हणजे चोरालाच विचारायचं, बाबा रे, चोरी केलीस का?

९ मार्च, रविवार

बावीस मिनिटं बोललो. नाव घेतलं नाही. "माझे एक आप्त" म्हटलं आणि सगळ्या माना आपोआप वळल्या. तेलाची रिकामी बाटली वर धरली. बोट वर धरलं. "हे बोट कोरडं निघालं. उद्या तुमचे ब्रेक या माणसाच्या सहीवर सोडणार आहात?"

दाजी उठले. "गाडी सपाटीला होती का जॅकवर?"

मी म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं."

सभागृह फुटलं. मागच्या बाकांवरचे तर टेबलं बडवत होते. दाजी खाली बसले. त्यांच्यासाठी पाच हात वर झाले. प्रमुख म्हणून दुसराच निवडला गेला. ताई दाराशी उभी होती. निकाल ऐकायलाही थांबली नाही.

खंत नाही. सत्याला मेहुणा नसतो. (हे वाक्य तिथे सुचायला हवं होतं.)

१२ मार्च

ताई फोन उचलत नाही. ही बाजारातून येताना दाजींच्या गॅरेजवरून आली. "एकही गाडी नव्हती. स्टुलावर नुसते बसलेत."

लोक शहाणे झाले, म्हणालो.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," म्हणाली आणि पिशवी आपटून आत गेली.

१७ मार्च

ही आज गाडी घेऊन गेली होती. शाळेच्या उतारावर ब्रेक लागेना. पोरं सुटायची वेळ. हिने गाडी भिंतीला घासत नेली, म्हणून थांबली. मनगट मोडलंय. पोरांपैकी कोणाला काही झालं नाही.

चौकातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने मागची चाकं काढली. आत तेलच तेल.

"डिफरन्शियल कोणी भरलं? फार झालंय. जास्तीचं तेल चाकाजवळच्या रबरी सीलमधून ब्रेकवर उतरलं."

मी भरलं, म्हणालो. रिकामंच होतं. बोट कोरडं निघालं.

"मागून उचलून बघितलंत ना? मग तेल पुढे पळणारच, साहेब. भोक मागे. बशी कलती केल्यावर चहा कुठे जातो?"

घरी येऊन पुस्तक उघडलं. आकृतीच्या आदल्या पानावर पहिलीच ओळ: गाडी सपाट जागी, चारही चाके जमिनीवर. ते पान मी उघडलंच नव्हतं. मी! थेट चित्रावर उडी मारली, अडाण्यासारखी.

हिने विचारलं, "काय म्हणाला मिस्त्री?" सांगितलं. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून ती भिंतीकडे वळून झोपली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ मार्च

दाजींकडे गेलो. ताईने दार उघडलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. सगळं सांगितलं. म्हणालो, रविवारी सभा बोलावतो. उभा राहतो, सगळ्यांदेखत चूक कबूल करतो.

दाजी म्हणाले, "नको. तू बोललास की लोक तुझे होतात. माफी मागशील, टाळ्या तुलाच पडतील. माझं गॅरेज रिकामं ते रिकामंच." मग म्हणाले, "लिहून दे. संस्थेच्या फळ्यावर लावतो."

सलग सहा वाक्यं. मी मोजली, आणि मोजल्याची लाज वाटली.

२० मार्च

दीड पान लिहून नेलं. दाजींनी सावकाश वाचलं, पेन मागितलं आणि खोडत गेले. शेवटी उरलं ते असं: तेल बरोबर होतं. मी चुकीचं बघितलं.

खाली मी सही केली.